डॉ. जेम्स नेस्मिथ व लहान कॉलेजांचे सामने

दोन उंच खांब, प्रत्येक खांबावर एक फळी, फळीला लोखंडी कडें आणि कड्याखालीं तळ नसलेली जाळी, एवढें साहित्य आपणांपैकीं पुष्कळांनीं तालुक्याच्या शाळेच्या आवारांत पाहिलें असेल. बास्केटबॉल या नांवाचा तो खेळ. जगांतील बहुतेक सर्व देशांत तो खेळला जातो. परंतु ज्या सद्गृहस्थांनीं तो काढला ते धर्मशास्त्र शिकलेले असून पुढें त्यांस पाळकपणाची दीक्षाहि मिळाली होती, ही गोष्ट थोड्यांस ठाऊक आहे. त्यांनीं उतारवयांत लहान लहान कॉलेजांच्या सामन्यांस हातभार लावला आणि त्यांच्यामागून त्यांच्या एका शिष्यानें त्याच सामन्यांत मोठें कार्य करून दाखविलें, ही गोष्ट तर त्याहूनहि कमी लोकांस ठाऊक आहे. म्हणून डॉ. जेम्स नेस्मिथ यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

जेम्स यांचा जन्म ता. ६ नोव्हेंबर १८६१ रोजीं कॅनडा देशांतील ऑन्टारिओ प्रांतांत, आल्मॉन्ट गांवाजवळ झाला. घराणें स्कॉटिश वंशाचें असून कष्टाळू होतें. १८७० सालीं विषमज्वरानें जेम्सचे वडील व आई थोड्याच दिवसांच्या अंतरानें वारलीं. तेव्हां जेम्स नऊ वर्षांच्या आंतबाहेर होता. थोरली बहीण ॲनी, जेम्स व धाकटा भाऊ रॉबी अशीं तीन पोरकीं भावंडें राहिलीं. त्यांचा सांभाळ मामा पीटर यंग यांनीं केला. मामा शेतकरी होते. ते प्रेमळ होते, पण लाड करणारे नव्हते. घोड्यांची निगा, नांगरणी, लांकडें आणणें हीं कामें पोरानें पोरवयांतच शिकावीं अशी त्यांची रीत होती. एकदां हिंवाळ्यांत जेम्स घोडे जुंपून गोठलेल्या नदीवरून जात असतां बर्फ फुटलें व घोडे पाण्यांत गेले. पोरानें मोठ्या शर्थीनें त्यांस ओढून कांठावर आणलें. मग त्यानें वर पाहिलें, तों झाडाआड मामा उभे होते. ते सारें पाहत होते, पण मुद्दाम पुढें आले नव्हते, अशी हकीकत सांगतात. आपली अडचण आपणच सोडविली पाहिजे हा धडा त्यानें त्या दिवशीं घेतला.

गांवच्या लोहाराच्या दुकानापाशीं मुलें एक खेळ खेळत. एका मोठ्या खडकावर लहानसा दगड ठेवावयाचा आणि दुरून दुसरा दगड फेंकून तो पाडावयाचा. आपल्या लगोरीसारखाच, पण थोडा निराळा. यांत जोरानें सरळ मारणाऱ्याचा दगड लांब जाऊन पडे व तो परत आणतांना त्याच्यावर डाव येई. उलट जो हळूच, कमानीसारखा वर चढवून फेंकी, त्याचा नेम लागे व दगडहि जवळच राही. ही पोरखेळांतली गोष्ट पुढें वीस वर्षांनीं कामास आली, तें यथाक्रम सांगूं.

जेम्सचें शाळेंत लक्ष नव्हतें. पंधरा वर्षांच्या सुमारास त्यानें शाळा सोडली व तो रानांत लांकूडतोडीच्या कामास लागला. त्या लोकांत राहून त्यास दारूचीहि चव लागली. एके दिवशीं दारूच्या दुकानांत हातांत पेला असतां शेजारीं उभ्या असलेल्या एका माणसानें त्यास ओळखलें, तूं मार्गारेट यंगचा मुलगा ना असें विचारलें, आणि तुला या ठिकाणीं पाहून तुझ्या आईला थडग्यांत काय वाटेल असें तो म्हणाला. जेम्सनें पेला खालीं ठेवला तो पुन्हां उचलला नाहीं, असें त्याच्या चरित्रकारांनीं लिहिलें आहे. पुढें तो परत शाळेंत गेला. वीस वर्षांचा दांडगा तरुण आपल्याहून लहान मुलांच्या बांकावर बसून शिकूं लागला, आणि १८८३ सालीं मॉन्ट्रिअल शहरांतील मॅक्गिल विद्यापीठांत त्याचा प्रवेश झाला. आपण पाळक व्हावें असें त्याच्या मनानें घेतलें होतें. पदवी मिळाल्यावर त्याच शहरांतील प्रेस्बिटेरियन कॉलेजांत त्यानें धर्मशास्त्राचा अभ्यास केला व १८९० सालीं तो पुरा केला.

त्या काळीं धर्मशिक्षण घेणाऱ्या तरुणानें मैदानावर धांवणें हें मंडळीच्या वडील माणसांस शोभत नसे. खेळ म्हणजे उनाडपणा, आणि फुटबॉल तर सैतानाचें हत्यार, असें पुष्कळांचें मत होतें. नेस्मिथ मात्र अभ्यासाबरोबर फुटबॉलहि खेळत. त्यांच्या सोबत्यांस त्यांची काळजी वाटे. एका रविवारीं दोन्ही डोळे काळेनिळे झालेले असतां ते उपदेशपीठावर उभे राहिले, कारण आदल्या दिवशीं सामन्यांत त्यांस मार लागला होता.

अशांत एक लहानशी गोष्ट घडली. सामना चालू असतां त्यांच्याच पक्षाच्या एका गड्याच्या तोंडून रागाच्या भरांत अपशब्द निघाला. लगेच नेस्मिथ जवळ आहेत हें त्याच्या ध्यानांत आलें व त्यानें क्षमा मागितली. नेस्मिथ यांनीं त्यास कधीं एक शब्दहि बोलून टोकलें नव्हतें. ते केवळ त्याच्याशेजारीं उभे राहून नेकीनें खेळत असत. तेव्हां त्यांस वाटलें कीं, उपदेशपीठावरून जें काम होतें तें मैदानावरूनहि होऊं शकेल. जे तरुण मंदिराचा उंबरठा ओलांडीत नाहींत ते मैदानावर येतात. तेथें त्यांची संगत धरणारा कोणी तरी असला पाहिजे. या विचारानें त्यांनीं मंडळीचें काम न पत्करतां व्यायामशिक्षक होण्याचें ठरविलें. बहीण ॲनीला हें मुळींच रुचलें नाहीं. भावानें पवित्र सेवा टाकली हें शल्य तिच्या मनांत पुष्कळ काळ राहिलें.

१८९० सालीं ते अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत स्प्रिंगफील्ड येथें गेले. वाय. एम. सी. ए., म्हणजे ख्रिस्ती तरुणांचा संघ, याचे कार्यकर्ते तयार करणारें विद्यालय तेथें होतें. व्यायामशिक्षणाचे मुख्य डॉ. ल्यूथर गुलिक हे होते. १८९१ च्या हिंवाळ्यांत त्यांनीं नेस्मिथ यांच्याकडे अठरा विद्यार्थ्यांचा एक वर्ग सोंपविला. बाहेर बर्फ, म्हणून मैदान बंद. व्यायामशाळेंत तीच ती कवायत व तेच ते लांकडी डंबेल्स. हे विद्यार्थी वयानें मोठे होते व त्या कवायतीस कंटाळले होते. त्यांच्यापुढें दोन शिक्षकांनीं आधींच हात टेंकले होते. चौदा दिवसांत यांच्यासाठीं आंत खेळतां येईल असा नवा खेळ काढावा, असें गुलिक यांनीं सांगितलें.

नेस्मिथ यांनीं प्रथम बाहेरचे खेळच आंत आणून पाहिले. फुटबॉलनें खिडक्यांच्या कांचा फुटूं लागल्या. दुसऱ्या खेळांत कोणाचें डोकें तर कोणाचा हात सुजला. चौदा दिवस संपत आले. मग ते एकटेच बसून विचार करूं लागले. दांडगाई होते ती कशामुळें? गडी चेंडू घेऊन पळतो, म्हणून दुसऱ्यास त्यास पकडून पाडावें लागतें. तेव्हां चेंडू घेऊन कोणी पळूंच नये, जेथें मिळाला तेथूनच त्यानें फेंकावा, असा नियम केला तर पाडण्याचें कारणच उरत नाहीं. दुसरें असें कीं, गोल जमिनीवर उभा असला म्हणजे गडी जोरानें मारतात व इजा होते. तो डोक्याहून उंच, वर तोंड करून आडवा ठेवला तर चेंडू जोरानें मारून उपयोग नाहीं. तो कमानीसारखा वर चढवून हलक्या हातानेंच टाकावा लागेल. येथें त्यांस लोहाराच्या दुकानापाशींचा तो खडक आठवला.

दुसऱ्या दिवशीं त्यांनीं इमारतीची देखरेख करणाऱ्या नोकराकडे दोन पेट्या मागितल्या. पेट्या नव्हत्या. पीच नांवाच्या फळांच्या दोन टोपल्या मात्र कोठीत होत्या. त्या सज्जाच्या कठड्यास दोन्ही बाजूंस खिळ्यांनीं ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता. आजहि जगभर तें कडें दहा फुटांवरच असतें, त्याचें कारण तो सज्जा. तेरा नियम कागदावर टाइप करवून भिंतीवर लावले. खांद्यानें धक्का देणें, धरणें, ढकलणें, पाडणें व मारणें यांस बंदी होती. एकदां चुकला तर दोष धरावा, दुसऱ्यानें चुकला तर पुढचा गोल होईपर्यंत त्यास बाहेर बसवावें, आणि मुद्दाम इजा करण्याचा हेतु दिसला तर सबंध सामन्यांतून काढावें व त्याच्या जागीं दुसरा घेऊं नये. अठरा विद्यार्थी, म्हणून एका बाजूस नऊ गडी. डिसेंबर १८९१ मध्यें झालेल्या त्या पहिल्या सामन्यांत एकच गोल झाला, आणि टोपलीला तळ असल्यामुळें चेंडू वर चढून काढावा लागला. पण त्या वर्गाचा कंटाळा त्या दिवसापासून गेला. एका विद्यार्थ्यानें या खेळास नेस्मिथ यांचेंच नांव द्यावें असें सुचविलें, तेव्हां ते हंसले. मग टोपली व चेंडू यांवरूनच त्याचें नांव पडलें.

नाताळच्या सुटींत विद्यार्थी आपापल्या गांवीं गेले आणि तो खेळ त्यांच्याबरोबर गेला. जानेवारी १८९२ मध्यें विद्यालयाच्या पत्रांत नियम छापून आले. वाय. एम. सी. ए. च्या शाखा जेथें जेथें होत्या तेथें तेथें हा खेळ पोंहोंचला. पहिल्या वर्गांत जपान देशाचाहि एक विद्यार्थी होता. स्त्रियाहि लवकरच खेळूं लागल्या. त्या पहिल्या खेळाडू स्त्रियांपैकीं मॉड शर्मन यांच्याशीं नेस्मिथ यांचा १८९४ सालीं विवाह झाला. आपल्या देशांत या खेळाच्या शिक्षणाची जी व्यवस्था झाली, तींतहि स्प्रिंगफील्डचाच हात होता. तेथें शिकलेले हॅरी क्रो बक यांनीं १९२० सालीं मद्रास येथें वाय. एम. सी. ए. चें व्यायामशिक्षणाचें विद्यालय काढलें. तेथून तयार झालेले शिक्षक हिंदुस्थानच्या अनेक प्रांतांत गेले. या खेळावर नेस्मिथ यांनीं मालकीहक्क नोंदविला नाहीं. इतर लोकांनीं चेंडू व कडीं विकून पैसा केला. त्यांनीं त्याची कधीं हळहळ केली नाहीं.

१८९५ सालीं ते डेन्व्हर येथें गेले. दिवसा वाय. एम. सी. ए. चें काम करून त्यांनीं वैद्यकाचा अभ्यास केला व १८९८ सालीं डॉक्टरची पदवी घेतली. त्याच वर्षीं कॅन्सस प्रांतांतील लॉरेन्स गांवच्या विद्यापीठांत त्यांची नेमणूक झाली. तेथें त्यांचें काम दुहेरी होतें. विद्यार्थ्यांची रोजची प्रार्थना चालवावयाची आणि त्यांस व्यायाम शिकवावयाचा. बास्केटबॉलचा संघहि त्यांनींच उभा केला. नवल हें कीं, खेळ काढणाऱ्या या गुरूच्या हाताखालीं त्या संघानें ५५ सामने जिंकले व ६० गमावले. त्या विद्यापीठाच्या या खेळाच्या इतिहासांत जयापेक्षां पराजय अधिक असलेले शिक्षक ते एकटेच. परंतु त्यांस त्याची खंत नव्हती. खेळ हा जिंकण्यासाठीं नसून माणूस घडविण्यासाठीं आहे, असें त्यांस मनापासून वाटे. ते पुष्कळदां पंच म्हणूनच उभे राहत.

आतां लहान कॉलेजांविषयीं. कॅन्सस हा गव्हाच्या शेतांचा प्रांत. त्यांत निरनिराळ्या ख्रिस्ती मंडळ्यांनीं आपापलीं लहान कॉलेजें काढलीं होतीं. बॉल्डविन येथें मेथडिस्टांचें बेकर कॉलेज १८५८ सालापासून होतें. ओटावा येथें बॅप्टिस्टांचें, लिंड्सबर्ग येथें स्वीडनहून आलेल्या ल्यूथरपंथी लोकांचें, मॅक्फर्सन येथें ब्रेद्रेन पंथाचें, न्यूटनजवळ मेनोनाइट लोकांचें कॉलेज होतें. शेतकऱ्यांचीं मुलें तेथें शिकत. पैसा थोडा, विद्यार्थी थोडे. अशा कॉलेजांनीं आपसांत सामने खेळावे असें ठरविलें, म्हणजे लगेच प्रश्न उभे राहत. विद्यार्थी कोणास म्हणावें? पैसे देऊन बाहेरचा पहिलवान आणला तर काय करावें? पंच कोणी नेमावा? या प्रश्नांचीं उत्तरें एकट्या कॉलेजास देतां येत नाहींत. म्हणून कॉलेजें एकत्र येऊन संघ करीत, सर्वांनीं पाळावयाचे नियम ठरवीत व त्यांतच आपसांत खेळत. कॅन्सस प्रांतांतील कॉलेजांच्या अशा संघाचें मूळ १८९० सालापर्यंत जातें, म्हणजे बास्केटबॉलचा जन्म होण्याच्याहि आधीं. १९०७ सालीं नेस्मिथ यांचें विद्यापीठ शेजारच्या प्रांतांतील मोठ्या विद्यापीठांच्या संघांत सामील झालें. लहान कॉलेजें मागें राहिलीं. तीं आपसांत खेळत राहिलीं, पण त्यांचें नांव त्यांच्या तालुक्याबाहेर कोणी घेत नसे.

नेस्मिथ यांस पुढें प्रेस्बिटेरियन मंडळींत पाळकपणाची दीक्षा मिळाली. १९१६ सालीं ते मेक्सिकोच्या सरहद्दीवर पलटणीचे धर्मगुरु म्हणून गेले, आणि पहिल्या महायुद्धांत वाय. एम. सी. ए. तर्फे फ्रान्समध्यें सैनिकांत जाऊन राहिले. तेथें त्यांचें वय साठीच्या जवळ आलें होतें. परत आल्यावर ते विद्यापीठांत पुन्हां शिकवूं लागले.

१९३३ सालीं जॉन मॅक्लेंडन नांवाचा एक कृष्णवर्णी तरुण त्या विद्यापीठांत आला. त्यास बास्केटबॉलचा शिक्षक व्हावयाचें होतें. हा खेळ काढणारे गृहस्थ येथेंच शिकवितात असें कळल्यावर त्याच्या बापानें त्यास सरळ त्यांच्याकडे जाऊन आपण माझे मार्गदर्शक आहां असें सांगण्यास बजावलें होतें. पोरानें तसेंच केलें, आणि बहात्तरीच्या घरांतल्या त्या वृद्ध गुरूनें त्यास आपलासा केला. परंतु विद्यापीठाच्या संघांत काळ्या माणसास खेळण्याची मनाई होती. त्याच खेळाचा कर्ता ज्याचा गुरु, त्या शिष्यास त्या संघाचा सदरा कधीं अंगावर घालतां आला नाहीं. तो पोहण्याच्या हौदांत उतरला तेव्हां हौदाचें पाणी काढून टाकण्यांत आलें. पाण्याला माणसाचा विटाळ म्हणजे काय, हें आपल्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. ज्यांच्या वाडवडिलांस पाणवठ्यावर चढण्याची बंदी होती त्यांस तें ठाऊक आहे.

नेस्मिथ यांनीं ती मनाई मोडली असें लिहिणें खरें होणार नाहीं. ती त्यांच्या हयातींत मोडली नाहीं. परंतु त्यांनीं मॅक्लेंडनला वर्गांत व व्यायामशाळेंत जवळ बसवून सर्व विद्या दिली. पोहण्याच्या बाबतींत त्याची बाजू घेतली. लॉरेन्स गांवच्या शाळेंतील कृष्णवर्णी मुलांचा संघ शिकविण्याचें काम त्यास मिळेल अशी व्यवस्था केली. १९३६ सालीं तो पदवी घेऊन बाहेर पडला. व्यायामशिक्षणाची पदवी त्या विद्यापीठांत घेणारा तो पहिला कृष्णवर्णी विद्यार्थी होय.

त्याच वर्षीं बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांत बास्केटबॉल प्रथमच घेण्यांत आला. नेस्मिथ यांच्यापाशीं प्रवासखर्चास पैसे नव्हते. तेव्हां अमेरिकेंतील शिक्षकांनीं सामन्यांच्या वेळीं प्रेक्षकांकडून पैसा-पैसा वर्गणी गोळा करून त्यांस पाठविलें. शेवटचा सामना उघड्यावर, पावसांत व चिखलांत झाला. अमेरिकेनें कॅनडाचा १९ विरुद्ध ८ असा पराभव केला. एक त्यांची कर्मभूमि, दुसरी जन्मभूमि. मेक्सिको तिसरें आलें. तिन्ही संघांस पदकें देतांना त्या वृद्धाचे डोळे भरून आले असतील यांत नवल नाहीं.

परत आल्यावर लहान कॉलेजांचें काम त्यांच्यापुढें आलें. कॅन्सस सिटी या शहरांत हौशी संघांचे राष्ट्रीय सामने कित्येक वर्षें होत असत. ते १९३५ सालीं डेन्व्हरला गेले. शहरांत मोठें सभागृह नवीन बांधलेलें होतें, पण सामने नव्हते. तेव्हां बेकर कॉलेजांतील व्यायामखात्याचे मुख्य एमिल लिस्टन यांनीं एक विचार मांडला. कॉलेजांकरितां राष्ट्रीय सामने अजून कोणींच भरविलेले नाहींत. ते आपणच भरवावे, आणि ज्यांस कोणी विचारीत नाहीं अशा लहान कॉलेजांस बोलवावें. नेस्मिथ यांनीं त्यास साथ दिली, आणि शहरांतील कांहीं व्यापारी गृहस्थ पुढें आले. १९३७ सालीं पहिला मेळा भरला. आठ संघ आले. मिसुरी प्रांतांतील वॉरेन्सबर्गच्या शिक्षक तयार करणाऱ्या कॉलेजानें तो जिंकला. पुढल्या वर्षीं बत्तीस संघ आले. मोठ्या विद्यापीठांच्या मंडळाचे राष्ट्रीय सामने १९३९ सालीं सुरू झाले, म्हणजे या बाबतींत लहानांनीं मोठ्यांच्या दोन वर्षें आधीं वाट काढून दिली. १९३७ सालींच मॉडबाई वारल्या. त्यांचें नांव त्या सामन्यांच्या ढालीस देण्यांत आलें.

नेस्मिथ त्याच वर्षीं विद्यापीठांतून निवृत्त झाले. ता. २८ नोव्हेंबर १९३९ रोजीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, लॉरेन्स येथें त्यांचा अंत झाला. पुढल्या वर्षीं लहान कॉलेजांनीं त्या सामन्यांसाठीं कायमचा संघ स्थापन केला.

येथेंच चरित्र संपवितां आलें असतें, पण तसें केलें तर एक गोष्ट झांकून ठेवल्यासारखी होईल. नेस्मिथ यांच्या तेरा नियमांत कोणी खेळावें व कोणी खेळूं नये असें एक अक्षरहि नव्हतें. परंतु माणसांनीं त्यांत आपल्या मनचा चौदावा नियम घातला होता. ज्यांस मोठे लोक विचारीत नाहींत त्यांच्यासाठीं हे सामने निघाले, आणि त्याच सामन्यांत काळ्या वर्णाच्या गड्यास बंदी होती. जो स्वतः दाराबाहेर उभा राहिलेला असतो तो आंत गेल्यावर दुसऱ्यासाठीं दार लावून घेतो, हें मनुष्यस्वभावाचें दुर्दैव आहे.

१९४७ सालीं इंडियाना प्रांतांतील एका शिक्षक कॉलेजाच्या संघास निमंत्रण आलें. त्या संघांत क्लॅरेन्स वॉकर हा कृष्णवर्णी गडी होता. त्यास वगळून येण्यास संघाचे शिक्षक जॉन वुडन यांनीं नकार दिला. पुढल्या वर्षीं पुन्हां निमंत्रण आलें, न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन कॉलेजानेंहि बंदीस विरोध केला, आणि १९४८ सालीं ती बंदी उठली. वॉकर त्या सामन्यांत खेळला. तरी हॉटेलांत त्यास सोबत्यांबरोबर जागा मिळाली नाहीं. रात्रीं तो तेथल्या एका कृष्णवर्णी पाळकाच्या घरीं राहिला. त्या पाळकानें आपलें दार उघडें ठेवलें म्हणून त्या गड्यास खेळतां आलें, ही गोष्ट आपण उपदेशकांनीं व पाळकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

१९५३ सालीं कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांसहि त्या सामन्यांत वाट मिळाली. आणि मग जॉन मॅक्लेंडन पुढें आले. ते मध्यंतरीं नॉर्थ कॅरोलिना प्रांतांतील डरहॅम येथें कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांत शिक्षक होते. पुढें ते नॅशव्हिल येथील टेनेसी स्टेट कॉलेजांत आले. इतर संघ ज्या हॉटेलांत उतरतात तेथें आमचीं मुलें उतरूं शकत असतील तरच आम्ही येऊं, असा त्यांनीं आग्रह धरला व तो मान्य झाला. १९५७ सालीं त्यांच्या संघानें कॅन्सस सिटीचे ते सामने जिंकले. १९५८ सालीं पुन्हां जिंकले. १९५९ सालीं तिसऱ्यांदा जिंकले. लागोपाठ तीन वर्षें कॉलेजांचें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविणारा त्यांच्या पूर्वीं कोणी शिक्षक झाला नव्हता. ज्या तरुणास लॉरेन्सच्या मैदानावर पाऊल टाकतां आलें नाहीं, त्याच्या संघाच्या हातीं गुरुपत्नीच्या नांवाची ढाल तीन वेळां आली. १९५९ सालींच डॉ. नेस्मिथ यांच्या नांवानें निघालेल्या कीर्तिमंदिरांत पहिलें नांव त्यांचें नोंदलें गेलें. त्याच मंदिरांत १९७९ सालीं मॅक्लेंडन यांचेंहि नांव नोंदलें गेलें. ते १९९९ सालीं वारले.

डॉ. नेस्मिथ यांस देवानें मोठें वक्तृत्व दिलें नव्हतें व त्यांनीं द्रव्यहि मिळविलें नाहीं. त्यांच्या काळांतला मोठा अन्याय त्यांच्या हातून दूर झाला नाहीं, हेंहि आपण पाहिलें. परंतु त्यांच्या हातीं जें होतें तें त्यांनीं एका बहिष्कृत मुलापासून राखून ठेवलें नाहीं, आणि उतारवयांत लहानांच्या कामास आपलें नांव व वेळ देण्यांत कमीपणा मानला नाहीं. पेरणाऱ्यानें पेरलें, पीक वीस वर्षांनीं दुसऱ्यांनीं कापलें. ज्या शाळामास्तरांच्या वर्गांत दहापंधराच मुलें आहेत, व ज्या उपदेशकाची मंडळी चारपांच घरांचीच आहे, त्यांनीं आपलें काम लहान म्हणून खिन्न होऊं नये. मात्र आपल्या लहानशा अंगणाच्या दारांत कोणी उभें आहे काय, तें अधूनमधून उठून पाहत जावें.